मापाचं ब्लाउज

धामणगाव बढेमध्ये जयमालाकडे ब्लाउज शिवायला येणारी बाई नुसतं कापड घेऊन येत नाही. कापडाच्या घडीत एक जुनं ब्लाउज असतं. ते मापाचं. जयमाला टेप हातात घेऊन उठली की बाई म्हणते, "टेप राहू दे वं. हे घे. याच्यासारखंच शिव." मग त्या जुन्याचा गळा एका बाजूला ओढलेला असो, मुंढा काखेत काचत असो, पाठीत फुगा येत असो, माप तेच. कुणीतरी कधीतरी ते शिवलं आणि बाईनं ते चार वर्षं घातलं. चार वर्षं घातलेलं चूक कसं असेल?

एकवीस वर्षं जयमाला अशी दुसऱ्याच्या चुका नव्या कापडावर उतरवत आली होती. लग्न होऊन आली तेव्हा बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते तिनं बाहेरून पूर्ण केलं. प्रमाणपत्र ट्रंकेत गेलं आणि टेप गळ्यात आला. समोरच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, शेजारी कापायचं टेबल, भिंतीला टांगलेल्या पिशव्या, प्रत्येक पिशवीत एक नवं कापड आणि एक जुनं ब्लाउज. नवरा ज्ञानेश्वर शेतीत, सासू सिंधूबाई ओट्यावर, आणि एकुलती मुलगी मंजुश्री बुलढाण्याला वसतिगृहात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. ती शनिवारी संध्याकाळी येई. राजूरचा घाट उतरून बस येईपर्यंत जयमालाच्या हातून एक शिवण सरळ पडत नसे. ती शनिवारी कापायचं काम घेतच नसे.

मागच्या दिवाळीत मंजुश्री टेबलावर बसून पाय हलवत पिशव्या मोजत होती. म्हणाली, "आई, तू तर झेरॉक्स मशीन आहे. एकीकडून जुनं टाकायचं, दुसरीकडून नवं काढायचं."

पोरीनं हसत म्हटलं होतं. जयमालाही हसली होती. पण त्या रात्रीपासून ते वाक्य गळ्यात हाडूक अडकावं तसं अडकलं होतं. कारण मुलीला काय ठाऊक की आई दोन वर्षांपासून दर रविवारी जे करते ते कशासाठी करते.

त्याची सुरुवात मोताळ्याच्या प्रशिक्षणात झाली. बचत गटाच्या बायांना तिकडे नेलं होतं. एका तरुण मॅडमनं पडद्यावर चित्रं दाखवली आणि प्रत्येकीला चौकोनांचा एक कागद दिला. कामात नवं सुचावं म्हणून आठवड्याच्या छोट्या सवयी. पंधरा मिनिटं काहीही न करता बसा. एक काम डाव्या हातानं करा. आपलंच काम परक्याच्या नजरेनं पाहा. आठवड्यात शिकलेली एक गोष्ट लिहून ठेवा. केलं की चौकोनात खूण करा.

"पंधरा मिनिटं काई न करता बसली त माही सासू डॉक्टरले बोलवीन," मागून एक बाई म्हणाली आणि सगळा हॉल हसला. परतीच्या गाडीत त्या कागदांत शेंगदाणे बांधले गेले. जयमालानं मात्र आपला कागद घरी आणून मशीनच्या खणात ठेवला. खूण एकही केली नाही. पण दोन गोष्टी धरून ठेवल्या, परक्याच्या नजरेनं पाहणं आणि शिकलेलं लिहून ठेवणं.

बाजाराच्या दिवशी पंचफुला गावात येई. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. तिच्या गाठोड्यात कुठकुठल्या गावची लुगडी, साड्या, ब्लाउजं असत. जयमाला तिचे परकर, पिशव्या दुरुस्त करून देई, त्या बदल्यात गाठोड्यातलं एक ब्लाउज निवडून घेई. फाटकं चालेल, विटकं चालेल, फक्त शिलाई बरी हवी.

"ताई, तुले घालाले नाई पाहिजे, मंग करते काय याचं?" पंचफुलानं एकदा विचारलंच.

"उसवते."

पंचफुलानं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुढं कधी विचारलं नाही.

रविवारी दुपारी जेवणं उरकली की जयमाला ब्लेडचं अर्धं पातं घेऊन ते ब्लाउज उसवायला बसे. टाका टाका मोकळा करायचा, तुकडे टेबलावर मांडायचे, आणि ज्यानं कुणी हे शिवलं त्यानं असंच का कापलं असेल याचा विचार करायचा. मग वहीत एक ओळ. "बाहीच्या मागच्या बाजूला अर्धा इंच जास्त, म्हणून हात वर केला तरी ओढत नाही." "गळ्याची पट्टी तिरक्या कापडाची, म्हणून उभी राहत नाही." दोन वर्षांत वही अर्धी भरली होती.

तो एक तास मिळवायला किती खटपट. कुणाला फॉल हवाच असे, आत्ताच्या आत्ता. कुणाचं हूक तुटे. दीर येत, चहा होई. आणि ओट्यावरून सिंधूबाईंचं चालूच असे, "लोकायच्या सुना शिवून नाव काढतात, आमची उसवून काढते." शिवाय रविवार म्हणजे मंजुश्री घरी असण्याचाही एकमेव दिवस. पोरगी आत एकटी मोबाइल पाहत पडली आहे आणि आपण कुणाचं तरी विटकं ब्लाउज उसवतो आहोत, हे जयमालाला टोचत राही. उसवताना मुलीचं टोचे आणि मुलीपाशी बसलं की उसवणं आठवे. एकही काम नीट होत नसे.

आणि शिकून उपयोग काय? समोर येणारी प्रत्येक बाई म्हणे, याच्यासारखंच शिव.

अशात संक्रांतीनंतर कोकिळाबाई आल्या. कोकिळाबाई म्हणजे पंजाबरावांची बायको. गावाच्या दोन्ही अंगांना त्यांचं शेत. आजवर त्यांचे कपडे बुलढाण्याहूनच शिवून येत. पण एप्रिलमध्ये त्यांच्या वंदनाचं लग्न होतं आणि बुलढाण्याच्या फेऱ्यांना त्या कंटाळल्या होत्या.

"नवरीचे तिकडंच देतो," त्या म्हणाल्या. "पण घरच्या बायायचे अकरा ब्लाउजं आहेत. आधी माह्यं एक शिवून दाखव. जमलं त अकरा तुह्याकडंच." त्यांनी मोरपंखी कापड आणि मापाचं ब्लाउज टेबलावर ठेवलं. बाहेर गाडी चालूच होती.

"काकू, टेपनं माप घेऊ का एकदा?"

"टेप कायले? हे आहे ना. जसंच्या तसं पाहिजे, काई डोकं नको लावू."

बोलता बोलता त्यांनी डाव्या हातानं उजवा खांदा वर ओढला. जयमालानं हे आधीही पाहिलं होतं. हळदीकुंकवात, देवळात, लग्नाच्या पंगतीत, कोकिळाबाई दर दोन मिनिटांनी खांदा वर ओढत. त्यांना ते कळतही नसावं. त्या गेल्यावर जयमालानं मापाचं ब्लाउज पसरून पाहिलं. दोन्ही खांदे अगदी सारखे. आणि कोकिळाबाईंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला. सारख्या खांद्यांचं ब्लाउज त्या अंगावर घसरणारच.

तिला काय करायचं ते ठाऊक होतं. वहीत तशी ओळच होती. तिनं उजवा खांदा मुंढ्याकडे बोटभर उतरता कापला. आत माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, भरपूर ठेवली, अस्तर दोनदा धुऊन मग लावलं. चार दिवस त्या एका ब्लाउजवर घालवले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मापाच्या ब्लाउजऐवजी माणसाच्या अंगाकडे पाहून शिवलं होतं. शुक्रवारी शेवटचं हूक लावताना तिच्या मनात आलं, आता मंजू येईल तेव्हा सांगेन. पाह्य म्हणेन, झेरॉक्स नाही.

कोकिळाबाई त्याच संध्याकाळी आल्या. सोबत वंदना होती, फोनवर बोलत. कोकिळाबाईंनी जुनं ब्लाउज टेबलावर पसरलं. त्याच्यावर नवं पसरलं. तळहातानं दोन्ही एकमेकांवर बसवली, गळ्याशी गळा, बाहीशी बाही. सगळ्याच बाया असंच पाहतात. हात उजव्या खांद्यावर थांबला.

"हे काय वं? एक खांदा वर, एक खाली."

"काकू, एकदा अंगात घालून पाहा. आतल्या खोलीत आरसा आहे."

"घालाची काय गरज? डोळ्यानं दिसून राह्यलं ना."

"नाही, ते मुद्दाम... तुमचा उजवा खांदा जरा..."

"माह्या खांद्याले काय झालं?"

वंदनानं फोन कानापासून काढून इकडं पाहिलं. साठीला आलेल्या, चार घरांत मान असलेल्या बाईला, तिच्या लग्न ठरलेल्या मुलीसमोर, तुमचा खांदा वाकडा आहे असं कसं म्हणायचं?

"तुले एकच गोष्ट सांगतली होती," कोकिळाबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांचा तो शांतपणाच जास्त झोंबला. "जसंच्या तसं. तेवढंही नाई जमलं. हा रविवार सोडून पुढच्या रविवारी येते. सरळ करून ठेव, मंग पाहू."

गाडी गेली. रात्री जेवताना ज्ञानेश्वरनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंग सरळ करून दे ना."

"सरळच आहे ते."

"मंग वाकडं करून दे. तिले जे पाहिजे ते दे अन् मोकळी हो."

जयमाला ताट घेऊन उठली. तिला रडू आलं नाही. नुसता संताप आला, आणि तो कुणावर काढायचा हे कळेना. कोकिळाबाईंवर? त्यांनी तर स्वच्छ सांगितलं होतं. त्या मॅडमवर, जिनं चौकोनांचा कागद दिला आणि हे काही सांगितलं नाही की नवं सुचलं तरी ते घेणारं कुणी लागतं?

दुसऱ्या दिवशी मंजुश्री आली. बस पाऊण तास उशिरा आली, तेवढ्या वेळात जयमाला तीनदा नाक्यापर्यंत जाऊन आली होती. सगळी हकीकत ऐकल्यावर मंजुश्री म्हणाली, "अगं पण आई, त्या तुझ्याकडं कॉपी करून घ्यायलाच येतात. त्याइले तुझं डोकं नाही पाहिजे, हात पाहिजे."

"आणि तू काय करून राह्यली?" जयमाला फटकन म्हणाली. मंजुश्रीच्या पुढ्यात दोन जर्नल उघडी होती. वरच्या वर्गातल्या मुलीचं एक आणि हिचं एक. बेडकाच्या पोटाची आकृती एकातून दुसऱ्यात चालली होती.

"सर म्हणतात मागच्या वर्षीच्यासारखीच पाहिजे. वेगळी काढली की मार्क कापतात."

"तू बेडूक पाह्यला तरी का?"

"पाह्यला ना. हा काय." तिनं जर्नलवर बोट ठेवलं.

जयमालाच्या मनात आलं, इतका घाट चढउतार करून, इतक्या दूर राहून पोरगी शिकायला जाते, आणि तिथंही मापाचं ब्लाउजच. हिचंही आयुष्य असंच कुणाच्या तरी मापावर जाईल का?

रविवारी दुपारी उसवायला नवं काही घ्यावंसंही वाटेना. तिनं वही काढली. आज लिहायचं होतं, "उगाच डोकं लावू नये." लिहिण्याआधी मागची पानं चाळत गेली. श्रावणातल्या एका ओळीवर नजर थांबली. "फिकट जांभळं, अस्तरवालं. शिलाई बारीक, सुबक. पण उजव्या खांद्यात अस्तराखाली चिंधी तशीच राहिली. घाई."

ते ब्लाउज तिला आठवलं. ती चिंधीही आठवली. मऊ जुन्या सुती कापडाची, चार पदरी घडी. आणि घडीच्या चारी कोपऱ्यांना एकेक हातटाका.

घाईत राहिलेल्या चिंधीला कोपऱ्यात टाके कोण घालतं?

जयमाला वही तशीच मांडीवर घेऊन बसली. कुठल्या गावचा कोण शिंपी, का कोण बाई. तिच्याकडेही असाच उतरता खांदा आला असणार. तिलाही सांगितलं असणार, जसंच्या तसं. तिनं खांदे सारखेच कापले आणि खालचा खांदा आतून भरून काढला. टेबलावर पसरलं तर दिसायचं नाही, अंगात घातलं तर घसरायचं नाही. आणि आपण तिचं काम टेबलावर पसरून पाहिलं आणि लिहून मोकळ्या झालो, घाई. आपलं न् कोकिळाबाईंचं मग वेगळं ते काय?

आठवडाभर तिनं इतर पिशव्या बाजूला ठेवल्या. मोरपंखी ब्लाउजचा उजवा खांदा उसवला. माया ठेवली होती म्हणून ती मोकळी करून खांदा डाव्यासारखा करता आला. सासऱ्यांचं जुनं धोतर फाडून त्याचा तुकडा घेतला, चार पदरी दुमडला, अस्तराखाली बसवून कोपऱ्यांना टाके घातले. एकदा जाड वाटला, काढला. तीन पदरी केला. मुंढ्याकडे तीन पदर, गळ्याकडे येता येता एकच. हे असं वहीत कुठंच नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी मंजुश्रीनं इस्त्री करायला घेतलं. तिचा हात खांद्यावर थांबला. "आई, आत चिंधी राह्यली बघ."

जयमालानं हातातलं काम थांबवलं नाही. "असू दे. वरून इस्त्री फिरव."

दहा वाजता कोकिळाबाई आल्या. जुनं पसरलं, वर नवं पसरलं. तळहात गळ्यावरून, डाव्या खांद्यावरून, उजव्या खांद्यावर आला. जयमाला मशीनचं चाक धरून उभी होती.

"इथं जरा जाड लागते का?"

"अस्तर आहे, काकू. शिवणीपाशी लागतेच."

कोकिळाबाईंनी पुन्हा एकदा हात फिरवला. "हाव," त्या म्हणाल्या. "आता कसं बराबर झालं." घडी केली आणि गेल्या. घालून तेव्हाही पाहिलं नाही.

त्यानंतरचे सात दिवस जयमालानं कसे काढले ते तिलाच ठाऊक. चिंधी काचली असेल तर? घडी सरकली असेल तर? कोकिळाबाई नातेवाइकांत बसल्यात आणि खांद्यातून धोतराचा तुकडा बाहेर आलाय, असं तिला दोनदा स्वप्न पडलं.

रविवारी गाडी दारात थांबली. कोकिळाबाई मोरपंखी ब्लाउज घालूनच आल्या होत्या. मंजुश्रीनं खुर्ची दिली, चहा ठेवला. कोकिळाबाई पाहुण्यांबद्दल बोलल्या, आचाऱ्याबद्दल बोलल्या, मंडपवाल्याला शिव्या घातल्या. चांगली पंधरा मिनिटं. जयमालाचं एकाही शब्दाकडे लक्ष नव्हतं. ती त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत होती. हात एकदाही उजव्या खांद्याकडे गेला नाही.

"बरं का जयमाला," त्या चहाचा कप ठेवत म्हणाल्या, "काल वंदनाच्या साक्षगंधात, व्याह्यायसमोर, दिवसभर घालून होती मी. एकदाबी सावरा नाई लागलं. बुलढाण्याचे सारे असे घसरतात पाह्य." त्या समाधानानं हसल्या. "मी तुले तवा काय सांगत होती? जसंच्या तसं शिवलं की बसतेच. उगाच डोकं नाई लावाचं."

मंजुश्रीनं आईकडे पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले होते. बोल, असं ते डोळे म्हणत होते.

"हाव, काकू," जयमाला म्हणाली.

ड्रायव्हरनं एक मोठी पिशवी आणून टेबलावर ठेवली. अकरा कापडं, अकरा जुनी ब्लाउजं, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. "याइच्यासारखेच," कोकिळाबाई दारातून म्हणाल्या. गाडी गेली.

"ती चिंधी," मंजुश्री हळूच म्हणाली. "तू ठेवली होती."

"हं."

"मग सांगितलं काऊन नाही? सगळं तू केलं आणि नाव त्या जुन्या ब्लाउजचं झालं."

"सांगितलं असतं तर इथंच उसवून मागितली असती."

मंजुश्री हसेल असं तिला वाटलं होतं. ती हसली नाही. जयमालालाही हसू येत नव्हतं. जमलं होतं, आणि तरी ती मनात चडफडत होती. आता लग्नापर्यंत एकही रविवार मिळणार नाही. पंचफुलाकडून आणलेलं पिवळं ब्लाउज मशीनखाली गुंडाळून पडलं होतं, ते तसंच पडणार.

"आज उसवत नाई वाटते?" ओट्यावरून सिंधूबाईंचा आवाज आला.

जयमालानं खणातून वही काढली, श्रावणातलं पान उघडलं आणि "घाई" या शब्दावर एक रेघ मारली. मग पिशवीतून वरचं ब्लाउज काढून टेबलावर पसरलं. चिठ्ठीवर नाव होतं कोकिळाबाईंच्या धाकट्या जावेचं. गळा उजवीकडे ओढलेला, पाठीत फुगा.

"मंजू, जर्नल ठेव जरा बाजूला," ती म्हणाली. "या बाईला तू पाह्यलं आहे. चालते कशी, आठव. पाठ वाकवून चालते का?"

मंजुश्री टेबलापाशी आली. ब्लाउजकडे पाहिलं, मग डोळे मिटले. "वाकवूनच. आणि मान पुढं."

"मग मागून अर्धा इंच जास्त," जयमाला खडू शोधत म्हणाली, "पण आतून. पसरलं तर दिसलं नाही पाहिजे."